समुद्रकाठचा दोन रात्रींचा मुक्काम

पुण्याला नद्या आहेत, टेकड्या आहेत, पेठा आहेत. समुद्र मात्र नाही. असे असूनही थंडीचे दिवस आले आणि शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी पडली, की पुण्यातल्या घराघरांतून एकच विषय निघतो. दिवेआगरला जायचे, की गुहागरला? मुरूड बरे, की हर्णै? मग कोणीतरी फोन लावतो. पलीकडून एक बाई विचारतात, "माणसं किती? त्यांत मासे खाणारी किती?" आणि दोन रात्रींचा मुक्काम ठरून जातो.

इतकी साधी गोष्ट, तिच्यात इतिहास तो कसला, असे तुम्ही म्हणाल. पण वाचकहो, जरा विचार करा. ज्या घराशी आपले नाते नाही, गोत नाही, ओळखदेखील नाही, अशा घरात आपण पैसे मोजून दोन रात्री झोपतो, तिथल्या चुलीवरचे अन्न जेवतो, आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होतो. आपल्या पणजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी विचारले असते, "म्हणजे? तिथं आपलं कोणी नाही, तर उतरणार कुणाकडे?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. अशा मुक्कामाला तीन गोष्टी लागतात. जायला वाट लागते, उघडणारे दार लागते आणि पेटलेली चूल लागते. या तिन्ही गोष्टी आपल्याला सहजासहजी मिळालेल्या नाहीत. त्या कशा मिळाल्या, तेच आज सांगायचे आहे.

पुणे आणि कोकण यांचे नाते जुनेच. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, नाना फडणीसांचे भानू घराणे वेळासचे. ही मंडळी घाट चढून वर आली आणि पुण्यात मोठी झाली. पण त्यांचे किंवा त्यांच्यामागून आलेल्या शेकडो कुटुंबांचे कोकणात जाणे म्हणजे 'गावी जाणे' असे. लग्नमुंज, कुलदैवत, वाटणीचा तंटा, आंब्याफणसाचे दिवस, अशा कारणाने जायचे. उतरायचे ते आपल्याच घरी, नाहीतर सोयऱ्याच्या. वाटेत रात्र पडली तर देऊळ किंवा धर्मशाळा, आणि तिथे तीन दगड मांडून आपला भात आपणच शिजवायचा. समुद्र पाहायला म्हणून कोणी जात नसे. समुद्र काय, घराच्या मागे असायचाच.

निव्वळ हवेसाठी पुण्याहून समुद्रकाठी जाणारा एक जुना पाहुणा मात्र इतिहासात सापडतो, आणि तो साक्षात पेशवा आहे. दुसऱ्या बाजीरावाला गुहागरची जागा फार आवडली आणि १८१२ साली त्याने तिथे उन्हाळ्यात राहण्यासाठी मोठा वाडा बांधला, अशी नोंद इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरात आहे. गंमत अशी, की याच किनाऱ्यावर दहा वर्षांपूर्वी तो जीव मुठीत धरून आला होता. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरच्या लढाईत त्याच्या फौजेचा मोड केला, तेव्हा महाड, सुवर्णदुर्ग असा पळत तो वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. त्या तहाच्या आसऱ्याने मिळालेल्या स्वस्थतेत त्याची ही गुहागरची हवापालट चालली होती.

त्याच गॅझेटियरात आणखी एक तपशील आहे. खालच्या वाड्याखेरीज वरच्या डोंगरावर त्याने दुसरी एक वास्तू बांधली होती. कशासाठी? सोयरसुतकाच्या दिवसांत वेगळे राहता यावे म्हणून! म्हणजे पाहा, पेशवा सुट्टीवर गेला, तरी घर, चूल, सोवळेओवळे सगळे बरोबर घेऊन गेला. त्याला कोणाचे दार ठोठवावे लागले नाही, कारण त्याने दारच नवे बांधले. १८१८ साली राज्य गेले, बाजीराव गंगाकाठी बिठूरला गेला, आणि पुढे गुहागरच्या वाड्याचा बराचसा भाग पाडून त्याचे सामान रत्नागिरीच्या सरकारी इमारतींना लावले गेले.

समुद्राची हवा प्रकृतीला मानवते, ही कल्पना इंग्लंडातसुद्धा फार जुनी नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने समुद्राचे पाणी औषध म्हणून सुचवणारे पुस्तक लिहिले, आणि ब्रायटन हे कोळ्यांचे गाव बघता बघता श्रीमंतांचे आरोग्यधाम झाले. इंग्रज इकडे आले ते ही सवय घेऊनच. कोकणात त्यांनी दापोलीला छावणी केली. पण पुण्याच्या साहेबाला समुद्रापेक्षा डोंगर जवळचा वाटला. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरी वस्ती उठवली, १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५८ साली पुण्याला आगगाडी आली खरी, पण घाटातला रेल्वेमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडले. तोवर उतारूंना घाटात उतरून डोलीत, तट्टावर, नाहीतर गाडीत बसून मधला टप्पा काढावा लागे.

साहेबांच्या मागोमाग आपले वकील, मुन्सफ, प्राध्यापकही हवापालटाला जाऊ लागले. लोणावळा झाले, महाबळेश्वर झाले. टिळकांचा सिंहगडावरचा बंगला प्रसिद्धच आहे. पण त्या सुट्टीचे सामान आठवून पाहा. महिनाभरासाठी बिऱ्हाड भाड्याने घ्यायचे. बरोबर तांदळाची पोती, तुपाचा डबा, पातेली, पाटवरवंटा, आणि या सगळ्याबरोबर घरातली बाई. हवा बदले ती पुरुषमाणसांची. बाईचे पाट, पाणी आणि धूर सगळीकडे तेच.

आता तुम्ही म्हणाल, मग एखाद्या हॉटेलात का उतरत नसत? इथे आपल्या भाषेकडेच बघा. पुण्याच्या माणसाला 'हॉटेलात जाऊ' असे सांगा. त्याच्या डोळ्यांसमोर आधी भजी आणि चहा येतो, पलंग नव्हे. राहायच्या जागेला तो 'लॉज' म्हणेल, जेवायच्या जागेला 'खानावळ'. एकाच छपराखाली परक्याने आपल्याला झोपवायचे आणि जेवूही घालायचे, ही कल्पनाच आपल्याकडे नवी. तिच्या आड येत होती ती जात.

१८९० सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. आलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातली आणखी बरीच नामवंत मंडळी होती. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली, आणि मोठा गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य चालले, आणि शेवटी रानडे-टिळकांसारख्यांनीही प्रायश्चित्त घेतले. मिशनमधला एक पेला चहा इतका महाग पडत होता, तिथे परक्या घरी दोन रात्रींचे जेवण कोण घेणार?

योगायोग असा, की त्याच १८९० साली आपल्या या मुक्कामाचा एक मोठा आधार तयार झाला. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षे झगडत होते. त्या वर्षी गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुट्टी कबूल केली. सरकारी कचेऱ्यांना रविवार मिळत होता; मजुराला तो मिळाला लोखंड्यांच्या धडपडीमुळे. आज राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना शनिवारही मोकळा आहे. पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर सुरू झाला. म्हणून तर 'दोन रात्री' हे माप ठरले. पेशव्याला सारा उन्हाळा मोकळा होता. आपल्याला शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची रात्र.

आता दाराची गोष्ट. ती जरा जड मनाने सांगावी लागते, पण तिच्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पैसे देऊन राहायला गेलेल्या माणसापुढे दार कसे लागते, याचा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. १९१७ साली परदेशातले शिक्षण आटोपून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. उतरायला जागा मिळेना. एक पारशी लोकांची खाणावळवजा सराई होती, पण ती पारश्यांसाठी. तेव्हा पारशी नाव सांगून, रोजचे दीड रुपया भाडे ठरवून, ते तिथे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव आला आणि संध्याकाळच्या आत निघून जा, असे बजावून गेला. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिले, तिथेही सोय झाली नाही. परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेला तो विद्वान गाडीची वेळ होईतो बागेत बसून राहिला. खिशात पैसे असले म्हणजे मुक्काम मिळतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत अवश्य वाचावी.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव संमत करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. बघा, पाण्याच्या जोडीने धर्मशाळाही त्यात आहे. वाटसरूला दोन्हींची गरज सारखीच. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ च्या २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुण्याहून भोर आणि वरंधा घाटाने कोकणात उतरा, वाटेत लागते ते हेच महाड. आज आपण तिथे चहाला थांबतो. त्या दिवशी ओंजळभर पाणी प्यायलेल्या लोकांना, ते परत जायच्या तयारीत असताना, मारहाण झाली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात, १९३३ साली, रत्नागिरीस सावरकरांनी सर्व हिंदूंना एकत्र बसता येईल असे उपाहारगृह काढले. तेव्हा एकत्र चहा पिणे हेच एक आंदोलन होते.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. इतक्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचे नाव का बरे घातले असेल? ज्यांनी बागेत बसून गाडीची वाट पाहिली, तेच मसुदा समितीचे अध्यक्ष होते, एवढे आठवले म्हणजे पुरे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदाही आला. दार उघडले ते असे.

राहिली वाट. महर्षी कर्वे हे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ साली परीक्षेला बसायचे म्हणून हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवत गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आज त्याच मुरूडला पुण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. मुंबईकरांना आगबोट असे. पण पावसाळी समुद्राचा भरवसा काय? १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घाटावरच्या माणसाला खरी वाट दिली ती एसटीने. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहूनच निघाली, अहमदनगरला. पुढे हळूहळू वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली असे घाट ओलांडून ती लाल गाडी खाडीकाठच्या गावांत मुक्कामाला जाऊ लागली. चालक-वाहक रात्री गावातच झोपत. समुद्रकाठच्या खेड्यात दोन रात्री काढणारे पाहुणे आपण पुष्कळ नंतरचे. हे दोघे आपल्या आधीचे!

हे सगळे आपल्याकडेच घडले असे नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात किल्की नावाचे गाव आहे. लिमरिक शहरातली कुटुंबे उन्हाळ्यात शॅनन नदीतून आगबोटीने किलरशपर्यंत यायची, तिथून घोडागाडीने किल्कीला, आणि भाड्याची बिऱ्हाडे घेऊन समुद्रस्नान करायची. इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटी १८५४ साली लग्नानंतर नवऱ्याबरोबर याच किल्कीच्या हॉटेलात राहून गेली. पण तारीख ध्यानात घ्या. आयर्लंडचा भयंकर दुष्काळ संपून दोनच वर्षे झाली होती. सुमारे दहा लाख माणसे मेली होती आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून देशोधडीला लागली होती. त्याच किनाऱ्यावर एकीकडून माणसे पोटासाठी बाहेर जात होती आणि दुसरीकडून पाहुणे हवेसाठी आत येत होते. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या आपल्या कोकणाला हे चित्र परके वाटू नये.

कोकणातल्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या त्या गेल्या चाळीसएक वर्षांत. १९७५ साली राज्याचे पर्यटन महामंडळ निघाले, पुढे घरगुती निवास-न्याहारीची योजना आली. १९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरच्या एका सुपारीच्या बागेत पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे माणसांची रीघ लागली. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून समुद्रकासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, आणि गावातल्या घरांनी त्यांना उतरवून घेतले. नाना फडणीसांचे घराणे वेळासहून पुण्याला आले होते. आता पुणेकर दोन रात्रींसाठी वेळासला जातात, ते चार बोटे लांबीचे कासवाचे पिल्लू पाहायला.

या पैशाचे मोल काय, ते ३ जून २०२० ला कळले. 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि पिढ्यांनी राखलेल्या सुपारी-नारळाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावले तर उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर घर कशावर चालायचे? ओसरीलगतच्या त्या दोन खोल्यांवर. करोनाची टाळेबंदी उठल्यावर जे पाहुणे पुन्हा आले, त्यांनी नुसती भाडी दिली नाहीत. एखादा मुलगा मुंबईला जायचा थांबला असेल तर तो त्यांच्यामुळे.

मात्र खोल्या वाढल्या की गावाच्या विहिरीवरचा भारही वाढतो. मे महिन्यात कोकणात पाणी जपून वापरतात. शहरातला पाहुणा समुद्रावरून आला की दोनदा अंघोळ करतो. पावसाच्या प्रदेशात पाणी कमी कसे, हे त्याला पटतच नाही. आणि एक गोष्ट दाराची. नोंदीसाठी नाव विचारणे वेगळे, आणि आडनाव ऐकून खोली आहे की नाही ते ठरवणे वेगळे. घर आपले आहे, पण पाटी लावून भाड्याने दिले की ते सगळ्यांसाठी आहे. एवढे यजमानाने विसरू नये, आणि पाहुण्यानेही 'स्वयंपाक करणारे कोण आहेत?' असे आडून विचारू नये. चहाच्या पेल्याचे प्रायश्चित्त मागे पडले. ते दुसऱ्या वाटेने घरात यायला नको.

शेवटी चूल. आपल्या घरची बाई दोन दिवस ओट्यापाशी उभी राहत नाही, हा या मुक्कामाचा सगळ्यांत मोठा लाभ. पेशव्याच्या वाड्यात तो नव्हता, लोणावळ्याच्या बिऱ्हाडात नव्हता. आपल्या आजीला जन्मात न मिळालेली गोष्ट ती ही. पण चूल विझलेली नाही. ती दुसऱ्या बाईकडे गेली आहे. पहाटे उठून घावन घालायचे, नारळ खवायचे, दुपारी माशाचे कालवण आणि सोलकढी, संध्याकाळी पंधरा माणसांचे उकडीचे मोदक. आणि हे सगळे नेमके शनिवारी-रविवारी, सुट्टीच्या सुट्टीला. लोखंड्यांचा रविवार गिरणीत पोहोचला, कचेरीत पोहोचला, तुमच्या-आमच्या घरातही दोन दिवस पोहोचला. या चुलीपाशी तो अजून यायचा आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला समुद्रावर जाल तेव्हा जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्या, बादलीतले पाणी बेताने वापरा, आणि निघताना त्या बाईंना एक विचारा: "वहिनी, तुम्ही कधी जाता हो सुट्टीला?" त्या बहुधा हसतील. पण प्रश्न विचारलेला बरा. पुण्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यांनाही कधी दोन रात्री कोणाच्या तरी हातचे आयते जेवावेसे वाटत असेल.